आपल्याच अंगणातलं न पाहिलेलं

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? बाहेरगावचे पाहुणे घरी आले आणि म्हणाले, "चला, इथलं काहीतरी दाखवा," तर तुम्ही त्यांना कुठे नेता? आमच्या पारोळ्यात याचं उत्तर ठरलेलं आहे. बालाजीचं मंदिर, आणि तिथून घरी. मग शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा... पाहुणे तृप्त होऊन संध्याकाळच्या गाडीने रवाना!

मागे एकदा माझ्या पुण्याच्या नणंदेच्या मुलीने या शिरस्त्यात खोडा घातला. कॉलेजात शिकणारी पोर. भाजी घेऊन परत येताना म्हणाली, "मामी, ती एवढी मोठी भिंत कसली गं?" म्हटलं, "किल्ला आहे." "आत काय आहे?" आता आली का पंचाईत! लग्न होऊन मला चोवीस वर्षं झाली. त्या तटाशेजारून हजार वेळा तरी गेले असेन, कधी भाजीची पिशवी घेऊन, कधी दवाखान्यात, कधी हळदीकुंकवाला. आत मात्र एकदाही नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई मी!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. भुईकोट आहे आमचा. डोंगर चढायचा नाही की काही नाही, गावातच उभा. खंदक, तट, बुरूज. १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी तो बांधला असं सांगतात. जेमतेम पन्नास घरांच्या खेड्याचं त्यांनी तटबंदीचं शहर केलं. झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकर घराण्याचं नातं याच गावाशी जोडलेलं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागिरी जप्त केली आणि किल्ला पाडून निकामी केला. हे सगळं मी तिला मोठ्या रुबाबात सांगत होते (आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं!). पण खंदकाच्या कडेला कचऱ्याचा ढीग दिसला आणि माझा रुबाब तिथेच संपला. "कोण टाकतं गं इथे?" तिने विचारलं. त्यात एक पिशवी माझ्या नेहमीच्या साडीच्या दुकानाची होती. मी विषय बदलला.

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. आपण काश्मीर-केरळच्या सहलींच्या जाहिराती कापून ठेवतो, मोबाइलवर आलेले स्वित्झर्लंडचे फोटो पुढे पाठवतो. अजिंठ्याला जाणारे परदेशी पर्यटक जळगाव स्टेशनवर उतरतात, गाडी करून लेणी बघतात आणि परत जातात. त्यांचं ठीक आहे, त्यांना वेळ नसतो. पण आपण तर इथेच राहतो ना? खान्देश म्हटलं की केळी, कापूस, भरीत आणि ऊन, एवढंच आपणही म्हणायला लागलो. दुसऱ्यांना काय नावं ठेवायची!

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. महिन्यातला एक दिवस आपल्यासाठी ठेवायचा. सकाळी निघायचं, अंधारायच्या आत घरी. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, डबा घरचाच. आता कुणाची काय अडचण? अडचणी निघाल्याच. एकीच्या घरी "फिरायला" हा शब्दच चालत नाही. एकीने विचारलं, "मुलाबाळांना सोडून नुसतं बघायला जायचं? कशासाठी?" शेवटी एका अनुभवी काकूंनीच मार्ग काढला. म्हणाल्या, "पहिल्यांदा देवीचं नाव सांगा. देवीला कोणी नाही म्हणत नाही." म्हणून पहिली सहल ठरली पाटणादेवीची. चौदा जणी निघालो.

चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर हे ठिकाण आहे. गाव मागे पडतं, डोंगर जवळ येतात आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं जंगल सुरू होतं. पावसाळा नुकताच सरला होता. चौफेर हिरवंगार, ओढ्याला पाणी, आणि कपाशीच्या सपाट रानात जन्म गेलेल्या आमच्या बायका माना वर करकरून डोंगर बघत होत्या. चंडिकादेवीचं दर्शन घेतलं, ओट्या भरल्या. देवीचं काम झालं होतं. आता माझं काम होतं.

पाटणच्या देवळातला एक शिलालेख आहे. १२०७ सालचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. थोर गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून इथे मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. (हे चांगदेव म्हणजे मुक्ताबाईंचे शिष्य चांगदेव नव्हेत बरं का. माझीही कॉलेजात असताना गल्लत झाली होती आणि सरांनी सगळ्या वर्गासमोर कान उपटले होते.) लेखाच्या शेवटच्या ओळी चक्क मराठीत आहेत, ज्ञानेश्वरीच्या ऐंशीएक वर्षं आधीच्या मराठीत! आणि त्यात काय सांगितलंय? पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो मठाला दिला. म्हणजे बाजारात माल घेणाऱ्या माणसाच्या पैशातून गणिताची पाठशाळा चालायची. आठशे वर्षांपूर्वी, आमच्या जळगाव जिल्ह्यात!

मी घरून लिहून नेलं होतं, ते झाडाखाली बसून वाचून दाखवलं. भास्कराचार्य १११४ मध्ये जन्मले आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यातल्या अंकगणिताच्या भागाचं नाव 'लीलावती'. भुंग्यांचा थवा, तळ्यातलं कमळ, साप आणि मोर, अर्जुनाचे बाण अशी गोष्टीतली गणितं, आणि ती लीलावतीला उद्देशून विचारलेली. लीलावती त्यांची मुलगी होती, पत्नी होती की नुसतंच गोड नाव, यावर पंडितांचं एकमत नाही. लोकांनी मात्र तिला मुलगीच ठरवून टाकलंय. लग्नाचा मुहूर्त चुकला, आयुष्य उजाड झालं, म्हणून बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, अशी दंतकथा आहे.

मघाच्या अनुभवी काकू ऐकत होत्या. वय पासष्टच्या पुढे. म्हणाल्या, "पोरीला शिकवायला बापाने पुस्तक लिहिलं म्हणता? मला चौथीतून काढलं. भावाला सांभाळायला कोणी नव्हतं." एवढंच बोलल्या आणि डब्यातला लाडू सगळ्यांना वाटायला उठल्या. त्यांच्या मागच्या कुणालाच काही बोलायचं सुचलं नाही. मला आजही तो शिलालेख आठवला की आधी त्या आठवतात, मग चांगदेव.

परतताना चाळीसगावला दोन तास हातात होते, म्हणून स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर बघितलं. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत. इंग्लंडात जाऊन छायाचित्रण शिकला आणि चाळीसगावला येऊन राहिला. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांचे असे फोटो काढायचा की खरंखुरं दृश्य वाटावं. शिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांची कला... एक माणूस काय काय करू शकतो! आणि त्यांची कहाणी अशी की, मुंबईहून पंजाब मेलने येईन असं वचन दिलेली प्रेयसी आलीच नाही. तेव्हापासून १९८९ मध्ये जाईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, ते घराबाहेर पडले नाहीत म्हणतात. एखाद-दुसरा अपवाद सोडून. रात्री मेल यायच्या वेळी दार उघडं असायचं.

सगळ्या हळहळल्या. एकीने डोळे पुसले. मला मात्र एक वाकडा विचार आला, खरं सांगते. पन्नास वर्षं घराबाहेर न पडलेला पुरुष म्हणजे दंतकथा. आणि पन्नास वर्षं माहेर, सासर, दवाखाना आणि लग्नकार्य यापलीकडे न गेलेल्या बायका आमच्या चौदा जणींत पाच होत्या. त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. असो. कलावंत म्हणून केकी मूस फार मोठे होते, त्यांचं घर जरूर बघा.

आता जरा नाजूक विषय. पुढच्या महिन्यात आम्ही एका दुसऱ्या ठिकाणी गेलो. नाव नको. सुंदर जागा, जुनं देऊळ, पाणी, झाडं. स्वच्छतागृह बांधलेलं होतं, नवं कोरं, रंग दिलेलं आणि भलंमोठं कुलूप लावलेलं. चावी कुणाकडे? एका भाऊंकडे. भाऊ कुठे? बाहेरगावी, लग्नाला! आडोसाही नव्हता धड. मग बायकांनी काय केलं, तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत. दुपारी एकीला भोवळ आली, दुसरीला लघवीचा त्रास सुरू झाला तो आठवडाभर औषधं घ्यावी लागली. तिच्या घरी लगेच, "बघ, म्हणूनच सांगत होतो, कशाला जायचं!" आणि पुढच्या दोन सहलींना ती आली नाही.

बाईचं फिरणं पैशावाचून अडत असेल, परवानगीवाचूनही अडत असेल, पण एका कुलपावाचूनही अडतं हे मी त्या दिवशी शिकले. मी ग्रामपंचायती, बचत गट यांच्यात अठरा वर्षं काम करते आहे. पर्यटनाचा विकास म्हटलं की कमान उभारतात, पेव्हर ब्लॉक बसवतात, सेल्फीसाठी अक्षरं लावतात. तीन गोष्टी मात्र मागूनही मिळत नाहीत: उघडं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, चार ओळींचा का होईना पण वाचता येईल असा मराठी फलक, आणि अंधारायच्या आत परत आणणारी एक बस. आम्ही त्या गावाला पत्र दिलं, चौदा सह्यांचं. चावी आता शेजारच्या दुकानात ठेवतात असं कळलंय. बघू.

तोवर आम्ही थांबलो नाही. मुक्ताईनगरला गेलो. कोथळीचं मुक्ताबाईंचं मंदिर पाहिलं आणि पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला. तिथलं जुनं दगडी देऊळ कोरीवकामासाठी तरी बघावं. केवढे योगी चांगदेव, आणि त्यांनी गुरू केलं कुणाला? एका कोवळ्या मुलीला! आषाढीला मुक्ताबाईंची पालखी निघते ती महिन्याहून जास्त चालते, पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांत तिची वाट फार लांबची. आमच्यातल्या तिघींच्या माहेरी ही वारी आहे, पण संगम पहिल्यांदाच पाहिला. पद्मालयाचे दोन गणपती आणि कमळांचं तळं बघितलं. जळगावला जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं जातं-चूल-संसार बघितला. बालकवी ठोंबरे आपल्या धरणगावचे, अवघ्या सत्तावीस वर्षांचं आयुष्य, आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली शेवट. फैजपूर तर रोज केळीच्या ट्रकांवर वाचतो आपण, पण १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथलं, आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती, हे आमच्या बसमध्ये फक्त एका निवृत्त शिक्षिकाबाईंना माहीत होतं.

धुळ्याला आम्ही बायका जातो त्या दोनच कामांसाठी: डॉक्टर आणि आग्रा रोडवरची खरेदी. या वेळी खरेदीला बंदी होती! (दोघींनी मोडली.) सरळ रेषेत आखलेल्या, नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या गल्ल्या आपण सहज म्हणतो, "चार नंबर गल्लीत". दोनशे वर्षांपूर्वी कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने ती नव्या पेठेची आखणी केली. याच धुळ्यात १९२६ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे गेले. गावोगाव पायपीट करून जमवलेली त्यांची कागदपत्रं त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जपलेली आहेत. आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी भराभर उतरून घेतली. 'गीता प्रवचने' घराघरात आहे, पण ती आपल्या शेजारच्या तुरुंगात जन्मली हे किती जणींना ठाऊक?

गावाबाहेर महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे, फारुकी सुलतानांच्या काळातलं मोठं ठाणं. तिथल्या लांडोर बंगल्यात १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते, म्हणून दर ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. किल्ला चढायला आम्ही सहाच जणी गेलो, बाकीच्यांचे गुडघे! थाळनेरला तापीकाठी त्याच फारुकींच्या कबरी आहेत, साक्री तालुक्यात बळसाण्याची प्राचीन देवळं, भामेरचा किल्ला आणि त्याच्या डोंगरातल्या गुहा. सोनगीर मात्र भांड्यांसाठी. आमच्या सासूबाईंच्या लग्नातला पितळी हंडा सोनगीरचा आहे, अजून एक पोचा नाही.

पण मला सगळ्यात जास्त दिवस पुरलं ते बारीपाडा. साक्री तालुक्यातलं, सह्याद्रीच्या कुशीतलं छोटं आदिवासी गाव. एके काळी इथला डोंगर उघडाबोडका झाला होता, बायका पाण्यासाठी मैलोन्‌मैल जात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखायला घेतलं. झाड तोडणाऱ्याला दंड, राखणीला पाळ्या, बांध-बंधारे. आज चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे, विहिरींना पाणी आहे. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने गावाचं नाव ऐकलं. पण त्याच्या कितीतरी आधी, २००४ पासून, तिथे रानभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा भरते. बायका रानातून भाज्या आणतात, रांधतात आणि पानावर मांडून ठेवतात. नाव काय, कुठे उगवते, कशी धुवायची, कोणती आधी उकडून पाणी फेकायचं, सगळं तोंडपाठ.

मी इतकी वर्षं बचत गटाच्या बायकांना आहाराबद्दल भाषणं देते. लोह कशात, कॅल्शियम कशात. तिथे मी वही काढून खाली बसले. करटुली आणि टाकळा सोडला तर मला एका भाजीचं नाव येत नव्हतं. माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्यांनी माझ्या वहीकडे बघून विचारलं, "तुमच्याकडे नाही होत का रानात?" होतं की, आजी. आमच्या आजेसासूला यातलं निम्मं माहीत होतं. आम्ही बांध फवारून स्वच्छ केले.

एक सांगते, राग मानू नका. अशा गावी जायचं तर आधी विचारून जावं. ती माणसांची घरं आहेत, प्रदर्शन नाही. परवानगीशिवाय कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नयेत, पाण्याच्या बाटल्या-कुरकुऱ्याची पाकिटं परत पिशवीतून आणावीत. आमळी, अलालदरीचे धबधबे पावसाळ्यात खुणावतात, पण ओल्या खडकावर उभं राहून मोबाइलसमोर हातवारे करणारी पोरं बघितली की पोटात गोळा येतो. आपल्या मुलांना आपणच सांगायला हवं. दरी सांगत नाही.

काही जणी म्हणतील, हे सगळं प्रसिद्ध झालं की तिथे हॉटेलं होतील, गर्दी होईल, घाण होईल. भीती खोटी नाही. प्रत्येक तळ्याचं 'पॉइंट' व्हायला हवं असं मलाही वाटत नाही. पण कुणी बघायलाच गेलं नाही की काय होतं, तेही मी पाहिलंय. आपल्या जिल्ह्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे घ्या. एक मनोरा हलवला की दुसरा हलायचा, अशी ती कारागिरी. त्यातला एक पडून गेला. आता उरलेला कुणाबरोबर झुलणार? पाटणला आम्ही चौदा जणी गेलो, त्यातल्या तिघी नंतर आपापल्या नातवंडांना घेऊन गेल्या. शाळेच्या पालकसभेत एकीने उठून विचारलं, "दरवर्षी वॉटर पार्कलाच का नेता? एक वर्ष भास्कराचार्यांकडे न्या की!" ती बाई एरवी सभेत मागच्या बाकावर बसते.

आता श्रावण येईल. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे आपली माणसं पोटापाण्याला गेली, तिथून रोटांसाठी घरी येतील. घर भरून जाईल. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं की सगळे परत निघायच्या घाईत. या वर्षी मी आमच्याकडच्या भावकीला सांगून ठेवलंय, मंगळवारी कुणी जायचं नाही. सगळी पोरंटोरं घेऊन आधी आमच्या किल्ल्यात, हातात एकेक रिकामं पोतं घेऊन. खंदक एका दिवसात साफ होणार नाही, मला माहीत आहे. नणंदेची मुलगी पुण्याहून येतेय, तिने सांगितलंय, "मामी, ती साडीच्या दुकानाची पिशवी मी उचलणार." कार्टीच्या लक्षात होतं तर!

आणि हिवाळ्यातली सहलही ठरली. चोपडा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं उनपदेव. गरम पाण्याचा झरा आहे तिथे, बारमाही. बैठकीत नाव निघाल्याबरोबर चौथीतून काढलेल्या आमच्या काकूंनी सगळ्यात आधी हात वर केला. निघताना शेजारीण दारातून विचारते ना, "कथा जाई ऱ्हायनी व माय?" तिला आता देवीचं नाव सांगावं लागत नाही म्हणाल्या. घरी मात्र सुनेला सांगितलंय की गुडघे शेकायला चाललेय. तिकडच्या चावीची चौकशी करायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलंय.